पर्वतीय ताडवृक्ष : भेरली माडाची ओळख, लागवड आणि जतन

पानिपत म्हटले की मराठी वाचकाच्या मनात १४ जानेवारी १७६१ ही तारीख उभी राहते. त्या रणभूमीशी एका वृक्षाचेही नाव जोडले गेले आहे. 'काला आंब' या नावाने ओळखले जाणारे आंब्याचे ते झाड आज अस्तित्वात नाही. त्याच्या जागी स्मारकस्तंभ आहे. मात्र पानिपतच्या इतिहासाचा वृक्षविद्येशी आणखी एक संबंध आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. २१ एप्रिल १५२६ रोजी याच भूमीवर इब्राहिम लोदीचा पराभव करणाऱ्या बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील वनस्पतींचे सविस्तर वर्णन केले आहे. त्यात खजूर, नारळ आणि ताड हे तिन्ही वृक्ष येतात. खजुराविषयी त्याने लोकांत प्रचलित असलेली एक समजूत नोंदवली आहे. हा वृक्ष दोन बाबतीत प्राण्यासारखा असतो. त्याचे शीर कापले की तो मरतो आणि नराचा संबंध आल्याशिवाय मादीला फळ धरत नाही.

पाचशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजच्या वनस्पतिशास्त्राच्या कसोटीवरही बऱ्याच अंशी उतरते. ताडकुलातील वृक्षांचे संवर्धन कसे करावे, याचे मूळ सूत्रही तिच्यात दडलेले आहे. प्रस्तुत लेखात या सूत्राच्या आधारे सह्याद्रीतील भेरली माड या पर्वतीय ताडवृक्षाचा परिचय करून घ्यावयाचा आहे. पर्यावरण, कृषी, वनविषयक कायदे आणि ग्रामीण विकास या चारही घटकांच्या अभ्यासात हे उदाहरण विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल.

ताडकुलाची शरीररचना

नारळ, सुपारी, ताड, शिंदी, खजूर आणि भेरली माड हे सर्व ॲरेकेसी या कुलातील वृक्ष होत. ही एकदलिकित वनस्पती आहे. आंबा, साग किंवा वड यांसारख्या द्विदलिकित वृक्षांच्या खोडात साल आणि काष्ठ यांच्यामध्ये ऊतककर नावाचा पेशींचा थर असतो. तो दरवर्षी नवे काष्ठ तयार करतो, त्यामुळे खोड जाड होते व जखमा भरून येतात. ताडकुलातील वृक्षांत असा थर नसतो. त्यांच्या वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले असतात. यातून तीन महत्त्वाचे परिणाम निष्पन्न होतात.

पहिला परिणाम असा की, रोप अवस्थेत ही झाडे अनेक वर्षे जमिनीलगतच राहतात. आधी बुंध्याची रुंदी पुरी होते आणि मगच उंची वाढू लागते. 'झाड वाढतच नाही' अशी तक्रार या काळात लागवड करणारे करतात. वस्तुतः त्या काळात पायाभरणी चालू असते. दुसरा परिणाम म्हणजे खोडावर केलेली खाच कायमची राहते. वर चढण्यासाठी पाडलेल्या पायऱ्या झाड कधीही बुजवून काढू शकत नाही. तिसरा परिणाम सर्वांत गंभीर आहे. एकखोडी ताडवृक्षाला शेंड्यावर एकच वर्धनशील कोंब असतो. तो तुटला, कुजला किंवा किडीने पोखरला तर बाजूला नवी फांदी फुटत नाही आणि झाड मरते. बाबराने नोंदवलेल्या 'शीर कापल्याने मरण' या समजुतीचे शास्त्रीय कारण हेच आहे.

तीन प्रदेशांतील तीन वृक्ष

पानिपत जिल्हा यमुनेच्या पश्चिम तीरावरील गाळाच्या मैदानात वसलेला आहे. येथील हिवाळ्यात काही रात्री पारा गोठणबिंदूच्या जवळ उतरतो, तर मे-जूनमध्ये उष्ण व कोरडी 'लू' वाहते. अशा टोकाच्या हवामानात टिकणारा तेथील देशी ताडवृक्ष म्हणजे शिंदी. हिंदीत त्याला खजूर म्हणतात व त्याचे शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस असे आहे. शिंदीची नर व मादी झाडे वेगवेगळी असतात, म्हणजेच बाबराने सांगितलेली दुसरी गोष्टही तिला लागू पडते. बंगालमध्ये हिवाळ्यात याच झाडाच्या शेंड्याजवळ खोडाला छेद देऊन रस काढतात व त्याचा गूळ करतात.

मैदानातून उत्तरेकडे हिमालयात गेले की चित्र बदलते. उत्तराखंडच्या कुमाऊँ भागात पिथौरागढजवळील थल केदारच्या डोंगरावर, जेथे हिवाळ्यात हिमवृष्टी होते, तेथे पंख्यासारख्या पानांचा एक ताडवृक्ष वाढतो. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ ओदोआर्दो बेक्कारी यांनी १९०५ मध्ये त्याला ट्रॅकीकार्पस ताकिल असे नाव दिले. त्यातील 'ताकिल' हा शब्द स्थानिक नावावरून आला आहे. ताडवृक्ष केवळ समुद्रकाठी किंवा वाळवंटातच वाढतात, ही सर्वसाधारण समजूत या एका उदाहरणाने खोटी ठरते. मात्र त्याचा नैसर्गिक प्रदेश अत्यंत मर्यादित असल्याने त्याचे भवितव्य नाजूक आहे.

तिसरा प्रदेश सह्याद्रीचा. कोकणातील दऱ्याखोऱ्यांपासून घाटमाथ्यावरील दाट वनांपर्यंत, विशेषतः ओढ्याकाठी व देवरायांच्या सावलीत, भेरली माड आढळतो. त्याला बिरली माड किंवा सुरमाड अशीही नावे आहेत. कोकण व गोव्यात झाडापासून काढलेल्या मादक रसाला 'सूर' म्हणतात. सुरमाड हे नाव त्यावरूनच पडले. श्रीलंकेत हाच वृक्ष 'कितुल' या नावाने प्रसिद्ध आहे. पश्चिम घाट व श्रीलंका मिळून जगातील एक जैवविविधता संवेदनक्षेत्र मानले जाते. या दोन भूभागांतील वनस्पतींचे नाते समजावून देण्यासाठी भेरली माड हे सोपे उदाहरण आहे.

भेरली माडाची ओळख

कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या वृक्षाला कॅरिओटा युरेन्स असे नाव दिले. 'युरेन्स' या लॅटिन शब्दाचा अर्थ दाह करणारा. फळाच्या गरात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते त्वचेत रुतल्यास तीव्र खाज व आग होते. नावातच दिलेली ही सूचना बी गोळा करणाऱ्याने विसरता कामा नये.

या झाडाचे खोड एकच, सरळ, राखी रंगाचे व कड्यासारख्या खुणा असलेले असते. अनुकूल ठिकाणी ते १२ ते २० मीटर उंच वाढते. पान कित्येक मीटर लांब असून ते दोनदा विभागलेले असते. ताडकुलात अशी द्विपिच्छाकृती पाने केवळ कॅरिओटा या प्रजातीतच आढळतात. प्रत्येक पर्णिका तिरकी, दातेरी आणि माशाच्या शेपटीसारखी दिसते. नारळ, ताड किंवा शिंदी यांच्यापासून हे झाड दुरूनही वेगळे ओळखता येते ते या पानामुळेच. फुलोरा घोड्याच्या शेपटीसारखा खाली लोंबतो. एकाच फुलोऱ्यावर नर व मादी फुले असतात आणि बहुधा दोन नर फुलांच्या मध्ये एक मादी फूल अशी त्यांची रचना असते. नर फुले आधी उमलून गळतात व मादी फुले नंतर उमलतात. त्यामुळे स्वपरागण टळण्यास मदत होते. फळे गोल, पिकल्यावर लालसर होणारी व एक-दोन बिया असलेली असतात.

वरून खाली येणारा अखेरचा बहर

भेरली माडाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या जीवनक्रमात आहे. नारळ दरवर्षी फुलतो आणि फुलत असतानाच वाढतही राहतो. भेरली माड मात्र प्रथम केवळ वाढतो. सर्वसाधारणपणे १० ते १५ वर्षे तो पाने निर्माण करतो व खोडात पिष्टमय पदार्थांचा साठा करतो. मग शेंड्याची वाढ थांबते व अगदी वरच्या पानाच्या बगलेत पहिला फुलोरा येतो. त्यानंतरचा फुलोरा त्याच्या खाली, पुढचा त्याच्याही खाली, अशा क्रमाने काही वर्षे बहर उतरत येतो. शेवटचा, सर्वांत खालचा फुलोरा फळून गेला की झाड वाळते.

याचा अर्थ असा की, पहिला फुलोरा ही झाडाच्या तारुण्याची नव्हे, तर अखेरच्या पर्वाची खूण आहे. त्या दिवसानंतर त्या झाडाला एकही नवे पान येणार नसते. असलेली पाने आणि खोडातील साठा एवढ्याच भांडवलावर त्याला सर्व फळे पोसायची असतात. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील सर्व व्यवस्थापन त्यातूनच सुचते.

उपयोग आणि त्यातून येणारा ताण

फुलोऱ्याच्या दांड्याला छेद देऊन गोड रस काढतात. रस ताजा असताना ती नीरा असते. हवेतील व भांड्यातील यीस्टमुळे काही तासांतच तो आंबू लागतो. भांड्याला आतून चुन्याचा लेप दिला की आंबण्याची क्रिया मंदावते. हा रस आटवून काकवी व गूळ तयार करता येतो. श्रीलंकेत कितुलची काकवी व गूळ हा ग्रामीण कुटुंबांचा प्रस्थापित व्यवसाय आहे. खोडाच्या गाभ्यातील पीठ टंचाईच्या काळात अन्न म्हणून वापरले जात असे. पानांच्या तळाशी असलेल्या काळ्या, चिवट तंतूंपासून दोर व कुंचले बनतात. खोडाचा बाहेरचा भाग कठीण असल्याने खांब व पाण्याच्या पन्हळीसाठी त्याचा उपयोग होतो. केरळात पाळीव हत्तींचा हा प्रमुख चारा आहे. समारंभातील कमानी व मांडव सजवण्यासाठीही ही पाने तोडली जातात.

वनाच्या दृष्टीने या वृक्षाचे मोल आणखी वेगळे आहे. त्याची फळे उदमांजरे व धनेशासारखे पक्षी खातात आणि बिया दूरवर टाकतात. माणसाला दाहक वाटणारे फळ या प्राण्यांचे अन्न आहे.

ताण निर्माण होतो तो येथेच. पिठासाठी झाड तोडायचे तर ते पहिला फुलोरा येण्याच्या सुमारास तोडतात, कारण त्या वेळी साठा सर्वाधिक असतो. म्हणजे बी धरण्याआधीच झाड संपते. रसासाठी सर्व फुलोरे छेदले तर झाड काही वर्षे उत्पन्न देते, पण एकही बी न ठेवता मरते. चाऱ्यासाठी वा सजावटीसाठी बहुतेक पाने काढली तर झाडाची अन्ननिर्मितीच खुंटते. नारळाच्या बाबतीत एक वर्ष चुकले तर दुसऱ्या वर्षी सुधारता येते. भेरली माड अशी दुसरी संधी देत नाही. म्हणून या वृक्षाच्या बाबतीत उपयोग आणि लागवड या दोन स्वतंत्र गोष्टी मानताच येत नाहीत.

लागवड : बियांपासून रोपापर्यंत

भेरली माडाला बुंध्यातून फुटवे येत नाहीत. त्यामुळे लागवड बियांपासूनच करावी लागते.

१. निरोगी झाडाखाली आपोआप गळलेली, पूर्ण पिकलेली फळे निवडावीत. अभयारण्य वा राखीव वनातून वन विभागाच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करू नये.

२. हातात रबरी मोजे घालूनच फळे हाताळावीत. डोळ्यांना हात लावू नये. फळे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून जाड वाळूबरोबर चोळली असता गर सुटतो. बिया स्वच्छ पाण्यात अनेकदा धुवाव्यात.

३. बी उन्हात वाळवू नये व साठवून ठेवू नये. ताजे बीच उत्तम उगवते. पेरणीपूर्वी एक-दोन दिवस ते साध्या पाण्यात भिजत ठेवावे.

४. जाड वाळू व चाळलेले पानखत यांचे समप्रमाणात मिश्रण करून त्यात दोन ते तीन सेंटिमीटर खोल बी पेरावे. जागा सावलीची व उबदार असावी. माध्यम ओलसर असावे, पण पाणी साचू नये.

५. उगवण अनियमित असते. पहिले कोंब साधारणतः दोन ते चार महिन्यांत दिसतात व काही बिया त्याहूनही बराच काळ घेतात. बी कुजले असे समजून वाफा मोडण्याची घाई करू नये.

६. पहिले पान उघडल्यावर रोप खोल पिशवीत हलवावे. कोंब व बी यांना जोडणारा दुवा तोडू नये, कारण रोप त्यातूनच सुरुवातीचे अन्न घेते. मुळांना इजा झालेली रोपे सहसा जोम धरत नाहीत.

लागवड : रोपापासून वृक्षापर्यंत

दीड ते दोन वर्षांची रोपे पावसाळ्याच्या आरंभी कायम जागी लावावीत. त्यासाठी उन्हाळ्यातच प्रत्येकी ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डे घ्यावेत आणि ते चांगली माती, कुजलेले शेणखत व पालापाचोळा यांनी भरावेत. दोन झाडांत चार ते पाच मीटर अंतर असावे. रोपाचा वर्धनशील कोंब मातीत गाडला जाणार नाही, याची विशेष काळजी घ्यावी. निचऱ्याची जमीन, भोवती अर्धी सावली आणि बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन या तीन गोष्टी मिळाल्या की ओढ्याकाठच्या वनातील परिस्थिती बऱ्याच अंशी निर्माण होते. पहिली दोन-तीन वर्षे गुरांपासून संरक्षण व उन्हाळ्यात पाणी आवश्यक असते.

हिरवी पाने छाटू नयेत. केवळ पूर्ण वाळलेली पाने काढावीत. नारळावर पडणारे गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा हे शत्रू ताडकुलातील इतर वृक्षांवरही येऊ शकतात. गेंड्या भुंगा शेंड्यातील कोवळा भाग पोखरतो, तर सोंड्या भुंगा खोडावरील ताज्या जखमांकडे आकर्षित होतो. त्यामुळे परिसरात कुजके ओंडके व उघडे शेणखताचे ढीग न ठेवणे आणि खोडाला जखम न करणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.

लागवडीच्या नियोजनात काळाचा हिशेब महत्त्वाचा आहे. समजा, झाड पंधराव्या वर्षी फुलू लागले व पाच वर्षे फुलत राहिले. सर्व झाडे एकाच वर्षी लावली तर ती पाच वर्षे उत्पन्न देतील आणि मग जवळजवळ एकदमच मरतील. त्यानंतर पुन्हा पंधरा वर्षे काहीच हाती लागणार नाही. याउलट दर पाच वर्षांनी एक तुकडी लावली, तर चार वयोगटांची झाडे एका वेळी उभी राहतील व त्यांतील एक गट नेहमी बहरात असेल. त्या गटातील काही झाडे आणि प्रत्येक झाडावरील काही फुलोरे बियांसाठी व वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवावेत. शाश्वत विकासाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा ती या हिशेबातून अधिक चांगली समजते.

पानिपतमध्ये भेरली माड वाढेल काय?

दिल्ली परिसरातील उद्यानांत भेरली माड शोभेसाठी लावलेला आढळतो. म्हणजे पानिपतसारख्या ठिकाणी तो जगू शकतो. परंतु जगणे आणि परिसराचा भाग होणे यांत अंतर आहे. तेथे लावावयाचा असल्यास भिंतीच्या किंवा मोठ्या झाडाच्या आडोशाची जागा निवडावी. पहिले काही हिवाळे शेंड्याला गवताचे किंवा तरटाचे आच्छादन द्यावे आणि मे-जूनमध्ये नियमित पाणी द्यावे. क्षारयुक्त जमीन टाळावी. घराच्या अंगणात वा उद्यानात एवढी काळजी घेणे शक्य आहे, पण शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला ते शक्य नाही. तेथे लावावयाचा तर तेथील मातीचा व थंडीचा सराव असलेला शिंदीचा वृक्षच योग्य होय.

२०२१ च्या भारत वन स्थिती अहवालानुसार हरियाणातील वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या सुमारे ३.६ टक्के, तर महाराष्ट्रातील सुमारे १६.५ टक्के होते. वनाच्छादन कमी असलेल्या राज्यात झाडे लावण्याची निकड मोठी असते. परंतु निकड मोठी म्हणून कोणतेही झाड कोठेही लावणे हिताचे नसते. हिमालयात ताकिल, मैदानात शिंदी व सह्याद्रीत भेरली माड ही निसर्गाने हजारो वर्षांत केलेली वाटणी आहे. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमांनी तिचा आदर राखला पाहिजे.

कायद्याची चौकट

संविधानाच्या अनुच्छेद ४७ नुसार मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. मुंबई प्रांतात १९४९ मध्ये झालेल्या दारूबंदी कायद्यात ताडी व नीरा या दोहोंची व्याख्या असून, असे वृक्ष छेदण्यावर परवान्याचे नियंत्रण आहे. म्हणून रसावर आधारलेला कोणताही उद्योग सुरू करण्यापूर्वी रीतसर परवाना घेणे बंधनकारक ठरते.

पर्यावरणाचे रक्षण व संवर्धन हे अनुच्छेद ४८ क नुसार राज्याचे आणि अनुच्छेद ५१ क (छ) नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे. दोन्ही तरतुदी १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आल्या. अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी देण्याची तरतूद १९९६ च्या पेसा कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक रीतीने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावरील हक्क मान्य केला आणि त्याबरोबर जैवविविधतेच्या रक्षणाची जबाबदारीही हक्कधारकांवर व ग्रामसभेवर सोपवली. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती व लोक जैवविविधता नोंदवही यांची व्यवस्था आहे. आपल्या गावात भेरली माडाची किती झाडे आहेत, त्यांपैकी किती बहरात आहेत व किती रोपे उगवत आहेत, एवढी नोंद जरी या वहीत झाली तरी संवर्धनाचे निम्मे काम मार्गी लागेल. कारण ज्या गावात सर्व झाडे बहरात आहेत व रोप एकही नाही, तेथे आजची समृद्धी काही वर्षांतच संपणार, हे ती नोंदच सांगेल.

समारोप

महाराष्ट्रातील अनेक देवरायांत भेरली माड टिकून राहिला, कारण देवाच्या नावाने राखलेल्या वनात कोयता चालवायचा नाही, हा संकेत लोकांनी पाळला. तो संकेत जेथे सैल झाला, तेथे त्याची जागा माहिती, हक्क आणि नियोजन यांनी घ्यावयास हवी. हा वृक्ष आयुष्यभर साठवतो व अखेरीस सर्वस्व बियांच्या रूपाने देऊन जातो. त्या बियांपैकी काही मातीत पोहोचतील एवढी व्यवस्था करणे माणसाच्या हाती आहे. पहिला फुलोरा दिसताच नवे रोप लावावे, हा साधा नियम प्रत्येक गावाने पाळला तर सह्याद्रीतील या पर्वतीय ताडवृक्षाची परंपरा खंडित होणार नाही.

स्वाध्याय

१. ताडवृक्षाच्या खोडावरील जखम भरून का येत नाही, हे द्विदलिकित वृक्षाशी तुलना करून स्पष्ट करा.

२. नारळ व भेरली माड यांच्या बहराच्या पद्धतीतील फरक सांगून त्याचा व्यवस्थापनावर होणारा परिणाम लिहा.

३. एखाद्या झाडाला विसाव्या वर्षी बहर येतो व तो पाच वर्षे टिकतो असे मानल्यास, दर पाच वर्षांच्या लागवडीत किती वयोगट एका वेळी उभे असतील?

४. गौण वनोपजाविषयी १९९६ व २००६ च्या कायद्यांतील तरतुदींची थोडक्यात तुलना करा.

५. 'योग्य ठिकाणी योग्य वृक्ष' या तत्त्वाची चर्चा पानिपत व सह्याद्री यांच्या संदर्भात २०० शब्दांत करा.